ऐरोलीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला नेमकं कधी जावं?

सानपाड्याची आई:
मार्चमध्ये लेकीला (चौथीत आहे) ठाणे खाडीच्या अभयारण्यात रोहित दाखवायचे आहेत. ऐरोलीहून बोट असते असं कळलं. सकाळी लवकर जावं की संध्याकाळी?

तिवरकाठ:
ताई, सकाळ-संध्याकाळ राहू द्या, आधी तिथी बघा. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खाडीतली मासेमारी. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ऐरोली खाडीच्या आत, म्हणून तिथे थोडा उशीर धरा. पूर्ण ओहोटीत बोट गाळात रुतेल. भर भरतीत गाळ पाण्याखाली, मग पक्ष्यांनी चरायचं कुठे? पाणी उतरू लागलं की कडेचा गाळ उघडा पडतो आणि थवे तिथे येतात. ती वेळ गाठा. बोटीच्या वेळाही भरतीप्रमाणे बदलतात, आधी विचारूनच निघा.

लेकीला चोच बघायला सांगा. रोहित मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि पाणी गाळून खातो. छोटा रोहित आणि मोठा रोहित या दोन जाती: छोट्याची चोच गडद लाल, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. मधेच राखाडी दिसले तर ते वयाने लहान, रंग अजून चढायचाय. आणि तिवरांच्या मुळांपाशी निवट्या असतात, पंखांवर रेटा देत चिखलात चालणारा मासा! पोरांना तोच जास्त आवडतो.

पामबीचकर:
भरतीत हे पक्षी जातात कुठे?

तिवरकाठ:
बरेचसे नेरूळच्या डीपीएस तलावावर विसाव्याला. तिथे बोट नको, काठावरूनच दिसतात. पण खाडीचं पाणी तलावात येण्याची वाट बुजली की तलाव सुकतो आणि पक्षी उतरत नाहीत. 2015 साली खाडीला अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत) नाव लागलं, त्याचा आनंद आहेच. पण रोहितला खाडी आणि तलाव दोन्ही लागतात. एकाला जपून दुसरा बुजवला तर पक्ष्यांनी भरतीत उभं कुठे राहायचं?

सानपाड्याची आई:
मनापासून आभार, दादा. कालनिर्णय काढून बसले आहे. रविवारी षष्ठी आहे, म्हणजे साडेचारची भरती ना?

तिवरकाठ:
बरोबर. ऐरोलीला पाचच्या सुमारास. पण मग पाणी उतरेपर्यंत अंधार पडेल. त्यापेक्षा पुढचा रविवार बघा.