गळका केग सरसकट नाकारू नका
घरच्या बिअरसाठी जुना केग (गॅसच्या दाबाखाली पेय ठेवायचं स्टीलचं पिंप) विकत घेताना तो प्रेशर धरत नसेल तर घेऊच नका असं सांगितलं जातं, ते मला पूर्ण पटलं नाही. आधी सोड्याचं सिरप भरायला वापरलेल्या या १९ लिटरवाल्या केगचं झाकण आतल्या प्रेशरनेच वर दाबून बसतं, त्यामुळे ५-७ पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) फुसफुसणारा केग बरेचदा ३० ला गप्प होतो. नाहीच झाला तर झाकणाची मोठी ओ-रिंग (फट बंद करणारी रबरी रिंग) बदला, तशाही सगळ्या रिंगा बदलायच्याच असतात कारण जुन्या रबरात मुरलेला सिरपचा वास धुऊन जात नाही आणि मग तो बिअरला लागतो (रूट बिअर नावाच्या गोड सोड्याचा तर फारच चिवट).

नाकारायचाच तर झाकण बसतं त्या तोंडाला पोचा असेल किंवा आत टॉर्च मारल्यावर गंजाचे खड्डे दिसले तर नाकारा, त्याला रिंग काय करणार. बाहेरून थोडाफार चेपलेला असला तरी चालतो, उलट त्यावरच भाव पाडून मागायचा.