सगळे म्हणतात ‘प्रभूमध्ये आनंद कर’. पण टिकणारा आनंद आणायचा कुठून?

भांडुपची_सून

सलाम सगळ्यांना.

इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. आम्ही भांडुपला राहतो. सासूबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. मिस्टर लोअर परळला ज्या प्रिंटिंग प्रेसमध्ये होते ती दिवाळीनंतर बंद पडली. आता ते बाइकवर डिलिव्हरी करतात, मी घरी ब्लाऊज शिवते. मुलगी दहावीला आहे.

डॉक्टरांनी सासूबाईंना दिवसभराचं पाणी मोजून दिलंय. त्यात चहा, आमटी सगळं आलं. या उकाड्यात त्यांचा जीव नुसता कासावीस होतो. मी बर्फाचा लहानसा खडा देते. तो त्या गालात धरतात, डोळे मिटून घेतात आणि विरघळला की म्हणतात, “अगं, अर्धा घोट तरी दे.” मला नाही म्हणावं लागतं. ज्यांनी माझं बाळंतपण केलं, मुलीला अंगाखांद्यावर वाढवलं, त्यांना मी पाणी नाकारते. मग रविवारी चर्चला, आमच्या देवळात, उभी राहून टाळ्या वाजवत गाणं मला जमत नाही.

गेल्या रविवारी भक्तीनंतर एक बाई म्हणाल्या, “चेहरा असा पाडून बसू नकोस, लोकांपुढची विश्वासाची साक्ष बिघडते. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा असं वचन आहे ना?” त्या वाईट नाहीत. पण घरी येईपर्यंत ते वाक्य टोचत राहिलं.

मी विश्वास सोडलेला नाही. प्रार्थना चालू आहे, मशीनवर पाय मारतानाही चालू असते. पण आनंद म्हणतात तो जाणवत नाही. वाईट काळात कुणाला खरंच टिकलेला आनंद मिळालाय का? नुसती वचनं पाठवू नका, ती मला पाठ आहेत. तुमच्या घरात काय झालं ते सांगा.

कल्याणचा_भाऊ

ताई, सलाम. माझी नोकरी गेली होती तेव्हा बायबलमधल्या १०३व्या स्तोत्राने मला धरून ठेवलं. ‘त्याचे सर्व उपकार विसरू नको’ हे वाचून रोज रात्री एका वहीत त्या दिवसाचे उपकार लिहायला लागलो. कधी फक्त ‘आज लाइट गेली नाही’ एवढंच असायचं. पण लिहिता लिहिता मन वळतं. जमलं तर शुक्रवारी उपवास-प्रार्थनाही करा. तुमच्या घरासाठी प्रार्थना करतोय.

भायखळ्याची_मावशी

पोरी, सलाम. मी भायखळ्याला राहते. पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. आधी पाण्याचं बोलते, कारण तुझ्या पत्रात तेच सगळ्यात जड आहे.

डायलिसिसच्या माणसाच्या अंगात जास्तीचं पाणी साठलं की ते फुफ्फुसात उतरतं. मग माणसाला आडवं होता येत नाही, रात्रभर उशीला टेकून बसून श्वास ओढावा लागतो. मी ते वॉर्डात पाहिलंय. तू नाही म्हणतेस तेव्हा तू त्यांना त्या रात्रीपासून वाचवतेस. मनावर घेऊ नकोस. त्यांना गार पाण्याने चूळ भरायला दे, फक्त गिळू नको म्हणावं. आणि मीठ कमी कर. लोणचं, पापड, सुकट बंद केलंस की तहानच कमी लागते. फळं आणि शहाळ्याचं पाणी मनाने देऊ नकोस, तिथल्या डॉक्टरांना विचारूनच दे.

आता आनंदाचं. भावाने वहीचं सांगितलं ते चांगलंच आहे, बळ असेल त्याने जरूर लिहावं. पण तुझ्यात आज वही उघडायचंही त्राण नसेल, तर त्यावरून तुझा विश्वास कोणी मापू नये.

ज्या वचनावरून तुला टोकलं ते बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं आहे. ते सबंध पत्र एका बैठकीत वाच, चारच अध्याय आहेत. लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात आहे. ज्या फिलिप्पै गावाला तो लिहितोय, त्याच गावात त्याने पूर्वी फटके खाल्ले होते, पाय खोड्यात अडकवलेले असताना मध्यरात्री आपला सोबती सीला याच्याबरोबर स्तोत्रं गायली होती. तिथल्या ख्रिस्ती मंडळीला ती रात्र माहीत होती. आता दुसऱ्या अध्यायात बघ. एपफ्रदीत नावाचा भाऊ फिलिप्पैकरांची मदत घेऊन पौलाकडे गेला आणि मरता मरता वाचला इतका आजारी पडला. तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल सरळ लिहितो. तिसऱ्या अध्यायात आपण हे रडत सांगतोय असं म्हणतो. चौथ्यात ‘आनंद करा’ येतं, आणि त्याच्या थोडं खाली तो त्यांचे आभार मानतो, की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे फार चांगलं केलंत.

म्हणजे त्या एका पत्रात आजारपण आहे, रडणं आहे, आणि घरपोच आलेली मदत आहे. ‘आनंद करा’ या सगळ्याच्या मधोमध बसलंय. त्यातली एक ओळ कापून दमलेल्या बाईच्या हातात द्यायची आणि बाकीचं पत्र मिटून ठेवायचं, हे मला पटत नाही. फिलिप्पैकरांनी पौलाला नुसता निरोप धाडला नव्हता, माणूस पाठवला होता. तुझ्या मंडळीनेही पाठवावा, आणि तू तो मागायला लाजू नकोस.

माझ्या घरात काय झालं ते विचारलंस म्हणून सांगते. माझे मिस्टर २०२० साली कोविडमध्ये गेले. देवळात ते पेटी वाजवायचे. दफनाला मोजकीच माणसं, कुणी कुणाला जवळ घेऊ शकलं नाही. देवळं नोव्हेंबरात उघडली तेव्हा मी गेले, पण त्यांची पेटी गवसणीत पाहिली आणि तोंडून शब्द फुटेना. शेजारी जी बाई उभी राहायची तिने मला ‘म्हणा ना’ असं एकदाही म्हटलं नाही. ती आपलं गीतांचं पुस्तक माझ्या पुस्तकावर ठेवायची, ओळीखाली बोट फिरवत राहायची आणि दोघींच्या वतीने गायची. महिनोन्‌महिने तिने तेच केलं.

त्या दिवसांत मला आनंद जाणवत होता का? नाही. पण ख्रिस्त मेलेल्यांतून उठला आहे आणि माझा माणूस त्याच्यापाशी आहे, हे मला जाणवत नव्हतं तेव्हाही खरंच होतं. माझ्या आनंदाचा पाया मी तोच मानते. तो माझ्या मनाच्या आजच्या हवामानावर उभा नाही, म्हणूनच टिकतो. मला जे झेपत नव्हतं ते तेवढ्यापुरतं मंडळीने सांभाळलं.

जाणवायला लागलं ते निराळ्याच जागी. नागपाड्याला आमच्या मंडळीतले एक आजोबा अंथरुणाला खिळून होते, नजर गेलेली. त्यांना स्तोत्रं वाचून दाखवायला मी जायचे. ते ८८वं मागायचे. ते स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, बाकीच्यांसारखं स्तुतीकडे वळत नाही. मी एकदा म्हटलं, आजोबा, हेच का? ते म्हणाले, “हे देवाने आपल्या पुस्तकात ठेवून घेतलं, फाडून टाकलं नाही. म्हणजे माझंही ऐकून घेईल.” त्या घराचा जिना उतरताना माझ्या छातीवरचा दगड थोडा सरकलेला असायचा. मी हसत नव्हते, पण आत काहीतरी शांत आणि भरलेलं असायचं. मी त्यालाच आनंद म्हणते.

माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, त्यामुळे पंडिता रमाबाईंचं नाव आमच्या घरात घरच्या माणसासारखं घेतलं जायचं. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण ऐन दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर थोड्याच काळात नवरा कॉलऱ्याने गेला. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं ते आपल्या मुंबईतच. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. त्या बाईला कुणी चेहऱ्यावरून साक्ष विचारली असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा रविवारी गाता आलं नाही तर गाऊ नकोस. जाऊन उभी राहा. आणि तुझ्या पाळकसाहेबांना स्पष्ट सांग, की डायलिसिसच्या दिवशी सोबत बसायला माणूस हवाय. प्रार्थना करतो म्हणाले तर म्हणावं, करा, आणि याही.

वसईकर_पीटर

मी कॅथलिक आहे, तरी लिहितो. बायकोच्या आजारपणात मी दर बुधवारी माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायचो. तिथे १९४८ पासून हा नोव्हेना चालू आहे आणि सगळ्या धर्मांची माणसं येतात. लोक विनंतीची आणि उपकारस्तुतीची पत्रं लिहून टाकतात, त्यातली काही मोठ्याने वाचली जातात. कुणाला मूल झालं, कुणाला घर मिळालं, कुणाचा मुलगा दारूतून सुटला. माझी विनंती अडलेली होती, पण गर्दीत उभं राहून दुसऱ्याचं आभाराचं पत्र ऐकताना डोळे भरून यायचे, आणि ते दुःखाने नव्हे. मेणबत्त्यांच्या धुरात शेजारचा अनोळखी माणूसही डोळे पुसत असायचा.

बायको आता बरी आहे. नसती झाली तरी ते बुधवार मी वाया गेले म्हटलं नसतं. मावशींनी ८८व्या स्तोत्राचं लिहिलंय ते आज रात्री वाचणार आहे.

समाजसेवा_विभाग

नमस्कार ताई. मी ख्रिस्ती नाही, रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. श्रद्धेबद्दल बाकीच्यांनी लिहिलंच आहे, मी पैशाचं लिहिते, कारण रात्रीची झोप त्यानेही उडते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथे उत्पन्नाचा दाखला लागेल. तो तहसीलदार कार्यालयातून काढून ठेवा. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, तिथे केस पेपर घेऊन गेलात तर ट्रस्टच्या मदतीचे अर्जही भरून देतात.

आणि एक तुमच्यासाठी. झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. सेवा करणाऱ्या माणसालाही नैराश्याचा आजार होतो आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

भांडुपची_सून

सगळ्यांची फार आभारी आहे. मावशी, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. सुकटाचं ऐकून त्या रुसल्यात, पण चूळ भरण्याने खरंच बरं वाटतंय म्हणाल्या. आजोबांचं ऐकताना त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

पाळकसाहेबांना काल फोन केला. बोलताना रडू आलं, पण सांगितलं. शनिवारी महिला मंडळातल्या दोघी आळीपाळीने बसायला येणार आहेत, त्यातली एक त्याच बाई आहेत ज्यांनी मला चेहऱ्यावरून टोकलं होतं. त्यांनी आपणहून नाव दिलं. मंगळवार-गुरुवारचं अजून ठरायचंय. मिस्टर उत्पन्नाच्या दाखल्याच्या मागे लागलेत.

एक विचारायचं होतं. डायलिसिसच्या मशीनवर असताना सासूबाईंना वाचून दाखवायला कुठलं स्तोत्र घेऊ? आनंदाचं आत्ता नको म्हणतात.

भायखळ्याची_मावशी

१३व्यापासून सुरू कर. सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनांत सगळं ‘कोठवर, कोठवर’ असंच विचारलंय. मग ४२वं घे, त्यात हरिणी पाण्यासाठी लुलपते, ते त्यांना आपलंच वाटेल. ८८वं ठेव, ते मी आले की तिघी मिळून वाचू. मंगळवारी मी मोकळी असते. सेंटर कुठे आहे आणि किती वाजता घेतात ते मेसेजमध्ये कळव, भायखळ्याहून स्लो गाडी पकडून येते. आणि येताना बिनमिठाची तांदळाची भाकरी आणते, तू सकाळी डब्याच्या मागे लागू नकोस.