लहान मुलांना प्रश्नोत्तरीतून ख्रिस्ती विश्वासाची मूलतत्त्वे कशी शिकवावीत? मदत हवी आहे

प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. रोज रात्री प्रार्थनेनंतर आम्ही प्रश्नोत्तरीतले, म्हणजे विश्वासाची शिकवण प्रश्न व उत्तरांतून देणाऱ्या पुस्तिकेतले, एकेक प्रश्नोत्तर म्हणतो. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीत (प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वापरली जाणारी एक जुनी प्रश्नोत्तरी) १०७ प्रश्न आहेत, त्यांपैकी पहिला, मानवाच्या मुख्य हेतूविषयीचा, मुलीला तोंडपाठ आहे, परंतु "देवाचे गौरव करणे म्हणजे नेमके काय करायचे?" असे तिने विचारले तेव्हा तिला समजेल असे उत्तर मला देता आले नाही, आणि ती खंत मनात राहिली आहे.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत दहा आज्ञा, विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचा थोडक्यात कबुलीजबाब) व प्रभूची प्रार्थना यांच्या प्रत्येक भागाला "याचा अर्थ काय?" हा प्रश्न जोडलेला आहे. मला तीच पद्धत अधिक योग्य वाटते, कारण अर्थाविना केलेले पाठांतर लवकर विसरले जाते. (पाठांतराला माझा विरोध मुळीच नाही.)

या वयात आधी दहा आज्ञा घ्याव्यात की प्रभूची प्रार्थना? त्र्यैक्याविषयी (पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच देव) चार वर्षांच्या मुलाला चुकीचे दृष्टांत न देता किती सांगावे? ज्यांनी घरी किंवा संडे स्कूलमध्ये शिकवले आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.