मदत हवी आहे: उबुंटू २४.०४ आताच घ्यावे की थांबावे?

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. २५ एप्रिल २०२४ रोजी आलेली २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आताच घ्यावी की आणखी काही काळ थांबावे, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. जुन्या आवृत्तीला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार असल्याने तशी घाई नाही.

मला खरी काळजी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची वाटते. नव्या आवृत्तीत पायथन ३.१२ येते आणि त्यातून ‘डिस्टयुटिल्स’ हे पॅकेज बनवण्या-बसवण्यासाठीचे मॉड्यूल काढून टाकलेले आहे, तर माझ्या रोजच्या कामातील दोन जुन्या स्क्रिप्टची पहिलीच ओळ नेमके तेच मागते. ती ओळ बदलता येईल. पण ज्या लायब्ररींवर (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर) त्या स्क्रिप्ट चालतात, त्यांचे काय होईल याचा अंदाज येत नाही.

इन्स्टॉल न करता २४.०४ पेनड्राइव्हवरून चालवून पाहिले तेव्हा वाय-फाय, आवाज आणि देवनागरी टायपिंग व्यवस्थित चालले. मात्र झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर स्क्रीन काळीच राहिली आणि शेवटी पॉवरचे बटण दाबून धरावे लागले. प्रत्यक्ष इन्स्टॉल केल्यावर ही अडचण कोणाची दूर झाली आहे का? तसेच जुने पायथन वेगळ्या कंटेनरमध्ये (मुख्य सिस्टीमपासून अलग ठेवलेल्या कप्प्यात) ठेवून कोणी काम करत असल्यास, तो अनुभव कृपया सविस्तर लिहावा.