डिस्चार्ज बुकात १९६७, स्पर्शवर १९६८: फौजेच्या कागदांतल्या तारखा कुठून दुरुस्त करायच्या?

मोहोळकर

नमस्कार. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून शिपाई म्हणून पेन्शनवर आले. गाव मोहोळ तालुक्यात. पेन्शन आता स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर गेली आहे. पडताळणी करताना सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले, तर तारखांचा मेळच बसत नाही.

भरती: डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळतं ते) १४-९-१९६७, स्पर्शवर १४-९-१९६८.
डिस्चार्ज: बुकात ३०-९-१९८२, जुन्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) १-१०-१९८२.
वडिलांची जन्मतारीख: बुकात आणि स्पर्शवर १-६-१९४९, आधारवर १-१-१९५०.
आईची जन्मतारीख: पीपीओवर १-७-१९५६, आधारवर १-१-१९५९.

वडील हयात आहेत, सही करतात. आधी कुठं जायचं? सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला, की थेट प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला लिहायचं? आणि चारही तारखा एकाच अर्जात घालायच्या का?

शीटरोल

एकाच अर्जात घालू नका. या चार तारखा चार वेगळ्या जातीच्या आहेत, त्यातली एक तर चूकच नाही.

डिस्चार्जची तारीख बघा. बुकात ३०-९-१९८२ च्या पुढे किंवा खाली बारीक अक्षरात 'ए.एन.' असेल, म्हणजे दुपारनंतर. त्या दिवसाचा पगार सेवेतला, आणि पेन्शन दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १-१०-१९८२ पासून. पीपीओवरची तारीख पेन्शन सुरू झाल्याची आहे. दोन्ही बरोबर. यावर अर्ज केलात तर रेकॉर्ड ऑफिस 'तफावत नाही' असं उत्तर देईल आणि त्याच अर्जातली खरी चूक बाजूला पडेल. कुठल्याही फॉर्मवर डिस्चार्जची तारीख विचारली की ३०-९-१९८२ लिहायची.

आता भरती. पुष्कळ ठिकाणी भरतीची तारीख आणि कसम परेडची, म्हणजे अटेस्टेशनची तारीख यांचा गोंधळ होतो. अटेस्टेशन ट्रेनिंग झाल्यावर होतं, त्यामुळे ते काही महिने पुढे असतंच. पण तुमच्याकडे दिवस आणि महिना तोच, फक्त वर्ष बदललंय. अटेस्टेशन नेमकं वर्षानंतर त्याच तारखेला येणं अवघड आहे. जुन्या हस्तलिखित कागदावरून संगणकात चढवताना ७ चा ८ झाला, असं धरून चालायला हरकत नाही.

त्याचा ताळा तुमच्याच कागदांत आहे. १४-९-१९६७ ते ३०-९-१९८२ म्हणजे १५ वर्षं १७ दिवस. १९६८ धरलं तर १४ वर्षं १७ दिवस. शिपायाच्या सेवा पेन्शनला १५ वर्षांची क्वालिफाइंग सर्व्हिस, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा लागते. ती भरली नसती, तर कमी पडलेला काळ माफ केल्याचा आदेश कागदांत कुठंतरी असता. तसा काही नसेल तर १९८२ साली पेन्शन मंजूर करणाऱ्यासमोर १९६७ च होतं, हे उघड आहे. अर्जात हा हिशोब दोन ओळींत जरूर मांडा.

आता दोन गोष्टी बघून इथं सांगा: डिस्चार्ज बुकात एकूण सेवा किती लिहिली आहे, आणि स्पर्शवर क्वालिफाइंग सर्व्हिसच्या रकान्यात काय आहे. पैसा त्या रकान्यावर ठरतो. वन रँक वन पेन्शनचे तक्ते हुद्दा, ग्रुप आणि क्वालिफाइंग सर्व्हिस यांवर चालतात, अर्ध्या अर्ध्या वर्षाच्या टप्प्यानं.

अक्कलकोटरोड

जायचं कुठं, त्याबद्दल. नोंद बदलण्याचा अधिकार रेकॉर्ड ऑफिसचा, तुमच्या बाबतीत बेळगाव. प्रयागराजचं पीसीडीए पेन्शन कार्यालय रेकॉर्ड ऑफिसने पडताळून पाठवल्याशिवाय सेवेची तारीख हलवत नाही, म्हणून तिकडं थेट लिहून वेळ जातो. सोलापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय स्वतः दुरुस्ती करत नाही, पण त्यांच्या शिफारशीच्या पत्रासोबत अर्ज गेला तर ओळख पटवण्याचा प्रश्न राहत नाही. मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि माजी सैनिक ओळखपत्र घेऊन वडिलांनाच सोबत न्या.

अर्जाच्या आधी एक पाऊल आहे, ते बहुतेक जण चुकवतात: शीट रोलची, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसकडच्या सैनिकाच्या सेवेच्या मूळ नोंदीची प्रत मागवणे. डिस्चार्ज बुकसुद्धा शीट रोलवरूनच लिहिलेलं असतं. मूळ तिथं आहे. माहिती अधिकारात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज करा, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जदार वडीलच हवेत. मुलाच्या नावाने अर्ज गेला तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात, आणि पहिला महिना फुकट जातो. मागायचं नेमकं: 'शीट रोलमधील भरतीची तारीख, जन्मतारीख, पत्नीची नोंद आणि संबंधित पार्ट टू ऑर्डरच्या प्रती.' पार्ट टू ऑर्डर म्हणजे सैनिकाच्या नोंदीतला बदल जाहीर करणारा फौजेचा आदेश. 'माझे सर्व कागद द्या' असं मोघम लिहू नका.

आर्मी नंबर पूर्ण लिहा, शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. ते अक्षर पडताळणीसाठी असतं. ते गळलं की एक आकडा चुकलेला असला तरी कळत नाही आणि कागद भलत्याच फाइलला लागतो.

पेन्शन नसलेल्यांसाठी जाता जाता: त्यांचे सेवेचे कागद डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट करतात. मग हाती राहतो तो लाँग रोल, म्हणजे सैनिकांच्या थोडक्यात नोंदींचं कायम ठेवलेलं रजिस्टर. तेव्हा त्यांनी शीट रोलऐवजी लाँग रोलच्या नोंदीची प्रत मागावी.

मोहोळकर

दोघांचेही आभार. बघितलं. बुकात एकूण सेवा १५ वर्षं १७ दिवस लिहिली आहे. 'ए.एन.' पण आहे, घडीवर आल्यामुळे पुसट झालंय, पान उजेडात धरल्यावर दिसलं. स्पर्शवर क्वालिफाइंग सर्व्हिस १५ वर्षं आहे. पीपीओचं पान उचकटलंय, म्हणून दोन्ही लॅमिनेट करून घ्यायचा विचार आहे.

आणखी एक. कोर्टाजवळच्या एका एजंटाचं म्हणणं, नोटरीकडून 'माझी खरी जन्मतारीख अमुक' असं प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात जाहिरात द्या, मग सगळीकडे एकच तारीख होईल. करावं का?

बार्शीवाले

दोन्ही करू नका. लॅमिनेशन आधी सांगतो. डिस्चार्ज बुकातली दुरुस्ती म्हणजे चुकीच्या नोंदीवर रेघ, बरोबर नोंद, रेकॉर्ड ऑफिसरची सही आणि शिक्का. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, आणि सोलायला गेलं तर जुनी शाई प्लास्टिकबरोबर निघून येते. पारदर्शक पिशवीत ठेवा, तेवढं पुरे. पुसट 'ए.एन.' वर पेन तर चुकूनही फिरवू नका. चांगल्या हेतूनं गिरवलेलं अक्षरसुद्धा खाडाखोड ठरतं आणि मग अख्खं बुक संशयात येतं.

आता प्रतिज्ञापत्र. सैनिकाची जन्मतारीख भरतीच्या वेळी नोंदली जाते, आणि तिच्याबद्दल तक्रार करायची तर सेवेच्या सुरुवातीच्या ठरावीक मुदतीतच. डिस्चार्जनंतर चाळीस वर्षांनी ती बदलून मिळत नाही. राजपत्रात छापून आल्यानेही फौजेची नोंद बदलत नाही. तुमच्या बाबतीत ती बदलायचीच नाही, कारण बुक आणि स्पर्श दोन्हीकडे १-६-१९४९ आहे. वेगळं आहे ते एकटं आधार. अशा वेळी 'खरी तारीख' सांगणारं प्रतिज्ञापत्र केलं तर आणखी एक कागद तयार होतो, आणि पुढं प्रत्येक टेबलावर त्याचा खुलासा मागतात.

१-१-१९५० हे बघूनच कळतं की आधार काढताना पुरावा दिला नव्हता, नुसतं वर्ष किंवा वय सांगितलं होतं. तिथं मग १ जानेवारी पडते. १ जूनही आपल्याकडे शाळेत मास्तरांनी लावलेली असते, सोलापूर जिल्ह्यात त्या पिढीतल्या कितीतरी जणांची तीच आहे. पण ती शाळेच्या रजिस्टरात बसली, त्यावरून भरती झाली, म्हणून कागदाच्या दृष्टीनं तीच खरी.

तेव्हा आधार बदला. आधार केंद्रावर जन्मतारीख छापलेला पीपीओ किंवा पासपोर्ट न्या. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून ऑपरेटरने भरलेली पावती सहीआधी वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवा. महिना आणि दिवस उलटे पडले, १-६ चं ६-१ झालं, तर पुढचं प्रकरण विभागीय कार्यालयात जातं. आधारनंतर पॅन.

फरक फक्त सात महिन्यांचा दिसतो, पण त्याला किंमत आहे. ८० वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या १ तारखेपासून २० टक्के वाढीव पेन्शन लागते. १-६-१९४९ प्रमाणे ती जून २०२९ पासून. दोन ठिकाणी दोन तारखा राहिल्या तर ऐन वेळी ती अडते, आणि ८० वर्षांच्या माणसानं तेव्हा खेटे घालायचे का?

शीटरोल

बार्शीवाल्यांशी सहमत. क्वालिफाइंग सर्व्हिस १५ आहे, म्हणजे भरतीचं वर्ष चुकलं तरी पैसे कमी पडलेले नाहीत. ही निव्वळ टंकनाची चूक म्हणून मांडा, थकबाकीचा शब्द काढू नका. थकबाकी लिहिली की फाइल हिशोबाच्या टेबलावर जाते आणि तिथंच बसते.

अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत करा, एक पान. नंबर, हुद्दा, नाव, पीपीओ क्रमांक, मोबाइल. मग तीनच गोष्टी: आत्ता काय नोंद आहे, काय हवी, कशाच्या आधारावर. 'स्पर्शवर भरतीची तारीख १४-९-१९६८ दिसते. शीट रोल व डिस्चार्ज बुकाप्रमाणे ती १४-९-१९६७ आहे. एकूण सेवा १५ वर्षं १७ दिवस याच तारखेने जुळते. कृपया पडताळून दुरुस्तीसाठी पीसीडीएकडे पाठवावे.' सोबत साक्षांकित प्रती, मूळ काहीही नाही. स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोहोच जपा.

त्याच सुमारास स्पर्शवर लॉगिन करून तक्रार नोंदवा आणि तिकीट क्रमांक अर्जावर लिहा. पण स्पर्शवर स्वतः तारीख बदलायची वेगळी विनंती टाकू नका. रेकॉर्ड ऑफिसची दुरुस्ती आणि तुमची विनंती एकाच वेळी चालू राहिली तर दोन्ही अडकतात.

ज्यांची क्वालिफाइंग सर्व्हिसच कमी लागली आहे त्यांनी आधी नॉन-क्वालिफाइंग दिवस तपासावेत. बिनपगारी रजा, विनापरवाना गैरहजेरी, शिक्षेचे दिवस वजा होतात. तारखा बरोबर असूनही सेवा कमी दिसते ती त्यामुळे. उरलेले महिने ३ किंवा जास्त असतील तर अर्धं वर्ष धरतात, ९ किंवा जास्त असतील तर पूर्ण. या सीमेवर असलेल्याला चार दिवसांची चूकही अर्ध्या वर्षाला पडते, तिथं नेटानं मागं लागावं. लेखी नकार आला आणि वरचे अर्जही संपले, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. नकारापासून ६ महिन्यांची मुदत असते, त्यामुळे नकाराच्या पत्राचं पाकीट शिक्क्यासकट ठेवा.

मंगळवेढा

आईच्या तारखेबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि मला तीच सगळ्यात निकडीची वाटते. तिची नोंद वडिलांच्या सहीवर चालते. ते हयात असताना हे काम एका संयुक्त अर्जानं होतं. नंतर त्या माउलीला स्वतःची ओळख, लग्न आणि वय असं सगळं एकदम सिद्ध करत बसावं लागतं.

१-७-१९५६ आणि १-१-१९५९ या दोन्ही अंदाजाच्या तारखा दिसतात. नुसतं वर्ष माहीत असेल तर सरकारी नोंदीत १ जुलै धरायची जुनी रीत आहे, आणि आधारची १ जानेवारी वर आलीच आहे. म्हणून आधी खरा कागद शोधा. शाळेत गेल्या असतील तर माहेरच्या गावच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा. जिल्हा परिषद १९६२ ला आली, त्याआधीच्या रजिस्टरवर लोकल बोर्डाचं नाव असतं आणि मुख्याध्यापकांचा शिक्का आजचा. त्याला कुणी हरकत घेतली तर तसं उताऱ्यावरच लिहून घ्या. उताऱ्यात तारीख अक्षरीही हवी.

शाळा नसेल तर माहेरच्या तालुक्याच्या तहसीलमध्ये, रेकॉर्ड रूमला गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. त्यात बाळाचं नाव बहुधा नसतं, नुसतं 'मुलगी' आणि बापाचं नाव. म्हणून मामा-मावश्यांच्या नोंदीही काढा आणि कितवी मुलगी ते क्रमानं दाखवा. पान मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून जोडा.

यातलं काहीच मिळालं नाही तर पीपीओची तारीख ठेवा आणि आईचं आधार तिच्याशी जुळवून घ्या. ती नोंद वडिलांच्या सेवेच्या कागदांतून आलेली, आधारच्या कितीतरी आधीची आहे, तिला वजन आहे. मिळाला आणि वेगळी तारीख निघाली तर रेकॉर्ड ऑफिसला संयुक्त अर्ज, उतारा, दोघांचा एकत्र फोटो, आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोरचं प्रतिज्ञापत्र. त्यात 'दोन्ही नोंदींतली व्यक्ती एकच आहे' एवढंच म्हणायचं. पुढं पार्ट टू ऑर्डर निघते आणि मग कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ. तो हातात आल्यावर पत्नीचं नाव आणि तारीख अक्षर अन् अक्षर तपासा. कॉरिजेंडममध्येच नवी चूक आली तर ती लगेच कळवलेली बरी.

मोहोळकर

समजलं. माहिती अधिकाराचा अर्ज वडिलांच्या नावानं आजच लिहितो. आईचं माहेर सांगोला तालुक्यात आहे, सोमवारी तिथल्या तहसीलला जाऊन नमुना १४ बघतो. शीट रोलची प्रत आली की तिच्यावर काय आहे ते इथं टाकतो.