भरतपूर, डीग आणि सिक्री: तीन दिवसांची आखणी कशी करावी?

मुळाकाठची

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझी आई (वय 71) आणि दहा वर्षांचा मुलगा असे तिघे पुण्याहून भरतपूरला जात आहोत. भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहिल्यापासून मुलाला पक्ष्यांचा ध्यास लागला आहे, त्यामुळे केवलादेव राष्ट्रीय उद्यान हा प्रवासाचा मुख्य हेतू आहे. आईला जुने राजवाडे पाहण्याची मनापासून आवड आहे, परंतु गुडघ्यांमुळे तिला एका वेळी फार चालता येत नाही. हाताशी पूर्ण तीन दिवस आहेत. उद्यानात न चालता कितपत पाहता येते, आणि राजवाड्यांसाठी एकच दिवस ठेवला तर फतेहपूर सिक्रीला जावे की डीगला, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाणथळ

ताई, आईंची काळजी करू नका. प्रवेशद्वारापासून केवलादेवाच्या मंदिरापर्यंतचा मुख्य रस्ता पक्का आणि सपाट आहे, आणि बरेचसे पक्षी त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या पाण्यात रिक्षात बसूनच दिसतात. रिक्षावाल्यांना पक्ष्यांचे प्रशिक्षण मिळालेले असते. घाई न करणारा रिक्षावाला निवडा आणि त्याला शक्यतो दोन्ही सकाळी तोच ठेवा. बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत असते. ती पावसाळ्यात भरते, पण डिसेंबरातही त्यांची मोठी झालेली पिल्ले दिसू शकतात. पाण्यात पट्टकदंब, तलवार बदके, थापटे, चक्रवाक आणि वारकरी दिसतील. सारसाची जोडी दिसली तर मुलाला हवा तितका वेळ थांबू द्या.

एक गोष्ट त्याला जरूर सांगावी. हे नैसर्गिक सरोवर नाही. मूळच्या सखल जमिनीत अठराव्या शतकातील अजान बांधाचे पाणी सोडून ही पाणथळ घडवली गेली आणि पुढे ती संस्थानिकांची शिकारीची जागा झाली. मंदिराजवळच्या शिलालेखांवर शिकारींचे आकडे कोरलेले आहेत: 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. त्याच पाण्यावर नंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालण्याचे काम केले. आज पाण्याचीच ओढाताण आहे, कारण गंभीर नदीवर वर पांचना धरण झाल्यापासून अजान बांधात येणारे पाणी घटले आणि उद्यानाला चंबळच्या व गोवर्धन नाल्याच्या पाण्याचा आधार घ्यावा लागला. सैबेरियन क्रौंच 2002 च्या हिवाळ्यानंतर येथे आलेले नाहीत, हे मुलाला आधीच सांगून ठेवा; जुन्या पुस्तकांत त्यांची चित्रे पाहून गेलेली मुले फार हिरमुसतात.

बखरप्रेमी

राजवाड्यांसाठी एकच दिवस असेल तर माझे मत निःसंशय डीगच्या बाजूने आहे. सिक्री वीस-बावीस किलोमीटरवर आणि डीग सुमारे पस्तीस किलोमीटरवर, म्हणून लोक सिक्री निवडतात. परंतु सिक्रीचे प्रांगण विस्तीर्ण आहे आणि दगडी फरशीवरून बरेच चालावे लागते. डीगचे महाल मात्र एका बागेभोवती आहेत. गोपाल भवन तलावाच्या काठावर उभे आहे, त्याच्या दोन्ही बाजूंचे सावन आणि भादों हे मंडप पाण्यात नांगरलेल्या नावांसारखे दिसतात, आणि समोरच्या संगमरवरी झोपाळ्याच्या कमानीपाशी आईंना बसून सारे निवांत पाहता येईल. केशव भवन हे पावसाळ्याचा आभास निर्माण करण्यासाठी बांधलेले आहे. छतावर दगडी गोळे गडगडवून मेघगर्जना ऐकवीत असत, असे सांगतात. कारंजी मोजक्या उत्सवांतच सुटतात, त्यामुळे ती कोरडी दिसली तरी वाईट वाटून घेऊ नये.

मराठी माणसासाठी या वाटेला आणखी एक अर्थ आहे. भरतपूरहून डीगला जाताना कुम्हेर लागते. 1754 मध्ये मराठ्यांनी भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या येथील किल्ल्याला वेढा दिला असताना तोफेच्या गोळ्याने खंडेराव होळकर, म्हणजे अहिल्याबाईंचे पती, मारले गेले. त्यांची छत्री, म्हणजे स्मारक, कुम्हेरजवळ आहे. त्यानंतर सातच वर्षांनी, 14 जानेवारी 1761 च्या पानिपतानंतर, वाताहत झालेल्या मराठ्यांना त्याच सूरजमलाने अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेरबहादूर जखमी अवस्थेत डीगला पोहोचला आणि तेथेच त्याचा अंत झाला. पुढे 1805 मध्ये यशवंतराव होळकरांना आश्रय देणाऱ्या भरतपूरच्या किल्ल्यावर इंग्रज सेनापती लेकचे चार हल्ले फसले. पानिपताच्या पराभवाविषयी आपण पुष्कळ वाचतो, पण त्यातून वाचलेल्यांना ज्या दारात आधार मिळाला तेथे जाणारे फार थोडे, याची मला खंत वाटते.

मुळाकाठची

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आईला खंडेरावांविषयी वाचून दाखवले, तेव्हा छत्रीपाशी थांबल्याशिवाय पुढे जायचे नाही असे तिने निक्षून सांगितले आहे. मधला दिवस डीगला दिला तर चालेल का?

पाणथळ

उत्तम चालेल. पहिली आणि तिसरी सकाळ उद्यानात घालवा, म्हणजे एखाद्या सकाळी धुके दाटले तरी दुसरी हाताशी राहील. गाडी ठरवतानाच छत्रीपाशी थांबायचे आहे हे चालकाला स्पष्ट सांगा, कारण बहुतेक प्रवासी तेथे उतरत नाहीत. रिक्षात सकाळचा गारठा फार बोचतो, तेव्हा आईंसाठी शाल आणि कानटोपी अवश्य न्या.