मदत हवी आहे: जुन्या रेल्वे डब्यात मुक्काम

नमस्कार मंडळी, आम्ही मिरजेचे. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. १८९७ साली सुरू झालेली रुळांत अडीच फूट अंतर असलेली बार्शी लाईट रेल्वे पुढे मिरजेपर्यंत आली; तिच्या गोष्टी ते चहा गार होईस्तोवर सांगतात. त्यांच्या पंचाहत्तरीला दुरुस्त केलेल्या जुन्या डब्यात एक रात्र राहायचंय. सीएसएमटीला जुन्या डब्यात हॉटेल निघालं, पण तिथं नुसतं जेवण. सांगली-साताऱ्याहून दिवसभरात पोचता येईल असं ठिकाण कुणाला माहीत आहे का? डबा खराच हवा, सिमेंटचा रंगवलेला नको (बाबा दारातूनच परत फिरतील). त्यांचे गुडघे दुखतात आणि प्लॅटफॉर्म नसला की डब्याची पायरी फार उंच पडते. चढायला काय सोय आहे, संडास आतच आहे का, पत्रा रात्रीही तापलेला राहतो का, हे स्वतः राहिलेल्यांनी सांगा.